युद्धाच्या गेमसाठी जुन्या बंदुकांचे आवाज कसे तयार करावेत

‘दुसरे महायुद्ध’ एवढ्याच माहितीवर काम सुरू करू नये. लढाई कोठली, कोणत्या वर्षाची आणि समोरासमोर कोणत्या तुकड्या होत्या हे आधी ठरवावे, कारण त्यावरूनच बंदुकांची यादी निघते. उदाहरणादाखल इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे घेऊ. तेथे १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा प्रसंगासाठी ली-एनफिल्ड रायफल, ब्रेन गन (हलकी मशीनगन), टॉमी गन (हातात धरायची छोटी स्वयंचलित बंदूक) आणि जर्मनांची एमजी ४२ मशीनगन एवढ्या चार बंदुका नीट जमल्या, तरी बरेचसे काम झाले असे समजावे.

नवखा माणूस एकच दणदणीत बार शोधतो आणि तेथेच फसतो, कारण बंदुकीचा आवाज एक नसतो. नळीच्या तोंडाशी स्फोटाचा दणका होतो, बंदुकीच्या आतील लोखंड खडखडते, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर ती जाते त्या मार्गावर चाबकासारखा कडाका उठतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर ली-एनफिल्डची गोळी नळीतून सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. त्यामुळे ३०० मीटरवरून आपल्यावर कोणी गोळी झाडली, तर कानाशेजारी कडाका आधी ऐकू येतो आणि दणका त्यानंतर सुमारे ०.४ सेकंदाने पोहोचतो. हे दोन आवाज एका फाइलमध्ये कधीही चिकटवू नयेत; ते वेगळे ठेवून त्यांच्यातील अंतर एफमॉड किंवा वाइजसारख्या, गेममधले आवाज हाताळणाऱ्या संगणक प्रणालीत खेळाडूच्या जागेनुसार बदलेल अशी व्यवस्था करावी. टॉमी गन मात्र याला अपवाद आहे. तिची जाडजूड गोळी ध्वनीपेक्षा मंद असल्याने तिला कडाका देणे ही सरळ चूक ठरते, आणि ती चूक फार जण करतात.

कच्चा आवाज मिळवणे हा खरा अडचणीचा भाग आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक हाताळता येत नाही, आणि ब्लँक काडतुसात गोळीच नसल्यामुळे त्यातून कडाका मिळत नाही. म्हणून दणक्यासाठी खऱ्या बंदुकांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह विकत घेणे उत्तम. सुतळी बॉम्बचा बार मोकळ्या माळावर मुद्रित करून खालच्या थरात मिसळता येतो, पण तो एकटा वापरला की दिवाळीच आठवते. मुद्रण करताना आवाजाची पातळी भरपूर खाली ठेवावी, कारण दणक्याचा माथा एकदा कापला गेला की तो नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

लोखंडाचे आवाज मात्र घरच्या घरी होतात. ली-एनफिल्डचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) वर उचलणे, मागे ओढणे, पुढे ढकलणे आणि खाली दाबणे अशा चार हालचाली वेगवेगळ्या मुद्रित कराव्यात. या रायफलीची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे तिसऱ्या हालचालीत शेवटी किंचित अडखळ ऐकू आली पाहिजे. जुन्या लोखंडी ट्रंकेची कडी आणि तेल दिलेली दाराची खिटी एवढ्यावर हे जमते; पुंगळी, म्हणजे झाडलेले रिकामे काडतूस, दगडावर पडल्याचा आवाज पितळेच्या छोट्या नळीने काढावा.

मशीनगनमध्ये वेगच ओळख ठरवतो. ब्रेन मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या झाडते, म्हणजे प्रत्येक बार मोजता येतो. एमजी ४२ सुमारे १२०० झाडते, दोन बारांत जेमतेम ५० मिलिसेकंद उरतात आणि कानाला जाडे कापड टर्रकन फाडल्यासारखे वाटते. सुटा बार वीस वेळा मागोमाग जोडून ती टर्र येत नाही. प्रत्येक बार पाच-सहा निरनिराळ्या रूपांत ठेवावा आणि पडसाद शेवटच्या बारानंतर एकदाच सोडावा. हे पडसाद खोऱ्यासाठी, झाडीसाठी आणि दगडी घरासाठी स्वतंत्र बनवावेत. अंतर वाढेल तसे तीक्ष्ण सूर अधिक कापावेत, कारण हवा ते आधी शोषून घेते. दूरची बंदूक केवळ हळू नव्हे, तर बोथटही ऐकू येते.

शेवटी रिकाम्या मॅगझीनकडे, म्हणजे गोळ्यांच्या पेटीकडे, लक्ष द्यावे. घाडग्यांना आपल्या टॉमी गनचे मॅगझीन बदलायला वेळच मिळाला नाही आणि मशीनगनवरील उरलेल्या दोघा शत्रूंशी त्यांनी बंदूक उलटी धरून झुंज दिली. टॉमी गनची शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच अडकून राहतो, म्हणून रिकाम्या बंदुकीचा चाप दाबल्यावर गेममध्ये सर्रास ऐकू येणारा ‘टिक’ येथे घालू नये. बोल्ट अडकल्याचा एक ठोस धातूचा आवाज करावा आणि त्यानंतर चाप दाबला तरी काहीही वाजू देऊ नये.