कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी) तारखांची शीट आधीच करून ठेवा

एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी कुशल कामगार निवडण्याच्या कॅनडा सरकारच्या ऑनलाइन पद्धतीत, आधी प्रोफाइल टाकायचं असतं. मग निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, आणि त्यातले कितीतरी 'तेव्हा आपण नक्की कुठे राहत होतो?' हे शोधण्यात जातात. म्हणून प्रोफाइल टाकतानाच एक एक्सेल शीट करा: पत्ते, नोकरी-शिक्षण आणि परदेश प्रवास. मागची १० वर्षं, महिन्यानिशी.

१. पत्त्यांच्या तारखा जुन्या भाडेकरारांत सापडतात.

२. नोकरीसाठी जॉइनिंग आणि रिलीव्हिंग लेटर काढा. नोकरी नसलेले महिनेही 'बेरोजगार' असं सरळ लिहा, त्यात काहीच कमीपणा नाही. मधे रिकामी जागा मात्र ठेवू नका, अर्ज अपूर्ण ठरू शकतो.

३. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतील तर ईमेलमध्ये 'पीएनआर' शोधा, जुनी तिकिटं निघतात. कोपरा कापून रद्द केलेला जुना पासपोर्टही जवळ ठेवा.

आठवत नाही म्हणून तारीख ठोकून देऊ नका, एजंट कितीही म्हणाला तरी. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं कॅनडाची दारं बंद होतात.