पॅरिश कौन्सिल आहे, पण कामं अडतात? या चुका टाळा

पॅरिश म्हणजे एका कॅथलिक चर्चखालचा स्थानिक समाज, आणि पॅरिश कौन्सिल म्हणजे त्यातल्या लोकांची फादरांबरोबर बसणारी समिती. कौन्सिलमध्ये नाव आलं म्हणजे निर्णय आपल्या हातात, हा पहिला गैरसमज. १९८३ च्या कॅनन लॉमधल्या (कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या) कलम ५३६ नुसार पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. पण ‘सल्लाच तर आहे’ म्हणून फादरांनी सगळं आधीच ठरवून बैठकीला येणं ही त्याहून महागात पडणारी चूक. लोकांना ते दहा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या बैठकीत खुर्च्या रिकाम्या. विषयांची यादी आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर टाका. प्रत्येक विषयापुढे ‘सल्ला हवा’ की ‘माहितीसाठी’ ते लिहा. सल्ला मानला नाही तर का, ते फादरांनी पुढच्या बैठकीत सगळ्यांत आधी सांगावं. एवढ्यानं निम्मी कुरकुर संपते.

अर्थ समिती मात्र कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये असायलाच हवी. तरी सणाच्या पावत्या खजिनदाराच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहतात! मंडप, साउंड, जेवण, फुलं: जमा-खर्च चार ओळींत नोटीस बोर्डावर लावा. देणगीदारांना हिशेब देणं कॅनन लॉलाही अपेक्षित आहे.

वडोदऱ्यात तारखा ठरवताना हमखास फसगत होते. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, आणि नवरात्र बहुधा त्याच सुमारास. रात्री साडेआठला गोरव्याहून फतेगंजला निघालेलं कुटुंब गरब्याच्या गर्दीत अडकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या नऊ दिवसांत घरोघरची रोझरी सहाला उरका, बैठक रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) घ्या. मे महिन्यात वसईकडची माणसं गावी गेलेली असतात, तेव्हा कोणतंही शिबिर लावू नका. मकरपुऱ्यात पाळीवर जाणाऱ्यांनाही एकदा विचारा; त्यांना कोणी विचारतच नाही.

सूचना फक्त इंग्रजीत देऊ नका. मागच्या बाकावरच्या आजींना गुजराती कळतं, मराठी कळतं.

फादरांची बदली झाली की खरी पंचाईत. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक असल्यामुळे त्या जागेवर सापडतात. बैठकांची वही मात्र सेक्रेटरीच्या घरी, आणि सेक्रेटरी मुलीकडे पुण्याला. ती वही ऑफिसच्या कपाटात ठेवा. मंडपवाल्याचा नंबर, ठरलेले दर आणि कोणती चावी कोणाकडे, हे शेवटच्या पानावर लिहा. साउंडच्या खोलीची दुसरी चावी आजच करून घ्या.