अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक वस्तीत किडनीविषयी बोलायचं असेल तर

एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), डाएटेटिक्स (आहारशास्त्र) किंवा फार्मसी शिकायला टेक्सास-कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावात, स्पॅनिशभाषक वस्तीत जाऊन किडनीविषयी माहिती देण्याचं एखादं सत्र हमखास येतं. पहिली चूक म्हणजे नेफ्रॉनची (किडनीतल्या सूक्ष्म गाळणीची) आकृती दाखवणं. दुसरी, ‘लक्षणं दिसली तर या’ असं सांगणं. जुनाट किडनीविकार बराच पुढे जाईपर्यंत जाणवतच नाही. अमेरिकेत दर सात प्रौढांमागे साधारण एकाला तो असतो आणि त्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांना पत्ताच नसतो. म्हणून सत्राचा सगळा भर दोन तपासण्यांवर ठेवा.

एक रक्ताची: क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज. तो तीन महिने किंवा जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर जुनाट किडनीविकार. दुसरी लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून किती प्रथिन जातं याचं माप, जो 30 च्या आत हवा. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांचं रक्त नियमित तपासलं जातं, पण लघवीची तपासणी राहून जाते, आणि बिघाड बऱ्याचदा तिथेच आधी दिसतो. तपासणीचं नाव स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या हाती द्या, म्हणजे डॉक्टरकडे ती मागता येते. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अंगमेहनतीनंतर लघवीतला हा आकडा वाढू शकतो. एका रिपोर्टवरून कुणाला घाबरवू नका.

जेवणाबद्दल बोलताना तोर्तिया आणि राजमा सोडा म्हणालात, तर पुढचं कुणी ऐकणार नाही. मीठ लपलेलं असतं काल्दोच्या (रश्श्याच्या) चौकोनी वड्यांत, आदोबो मसाल्याच्या डब्यात, इन्स्टंट सूपमध्ये. रिकामी पाकिटं घेऊन जा, सोडियमचा आकडा त्यांनाच वाचू द्या. दिवसाची मर्यादा 2,300 मिलिग्रॅम, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा (टीस्पून) मीठ. मात्र ‘कमी सोडियमचं मीठ’ सुचवू नका: त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि किडनी कमजोर असलेल्या किंवा लिसिनोप्रिल, लोसार्टान ही बीपीची औषधं घेणाऱ्या माणसाला ते धोक्याचं ठरतं.

सर्वांत जास्त वेळ किडनीला इजा करू शकणाऱ्या वेदनाशामकांना द्या. इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन रोज घेणारे बांधकामावरचे आणि शेतातले मजूर बरेच भेटतात. मेक्सिकोतून येणाऱ्या ‘डोलो-न्यूरोबियोन’ला लोक जीवनसत्त्वाचं औषध समजतात; त्यात डायक्लोफेनॅक हे त्याच गटातलं वेदनाशामक असतं. घरातली औषधं, काढे, पावडरी पिशवीत घालून आणायला सांगा. आधी ऐका. थट्टा केलीत की पुढच्या वेळी पिशवी येत नाही.

एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडून आलेल्यांना वेगळं विचारायला हवं. तिथे मधुमेह-बीपी नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांच्या किडन्या निकामी होतात. नेमक्या कारणाबद्दल संशोधकांत अजून वाद आहे, पण उन्हातली राबणूक आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांच्यावर मोठा संशय आहे. (ऊसतोड म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.) कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार शेतमालकाने माणशी तासाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारे 950 मिली, पाणी पुरवायचं असतं आणि पारा 80 फॅरनहाइटच्या वर गेला की सावली करायची असते. हे अनेक मजुरांना माहीत नसतं.

सत्र शक्यतो प्रोमोतोराने, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविकेने, घ्यावं. तुम्ही मागे राहून आकडे सांभाळा. शेतवस्तीत काहींची मातृभाषा मिश्तेक किंवा किचे (मेक्सिको-ग्वाटेमालातल्या मूलनिवासींच्या भाषा) असते, स्पॅनिश त्यांनाही दुसरीच, तेव्हा आधी चौकशी करा. लहान मुलांना दुभाषी करू नका. शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारलंत तर सगळे होच म्हणतील; ‘घरी जाऊन बायकोला काय सांगाल?’ हे विचारा.

अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांविषयी चकार शब्द काढू नका. पैसे नसले तरी उत्पन्नानुसार फी घेणारी सरकारी अनुदानाची क्लिनिकं तपासतात. जवळच्या क्लिनिकचा पत्ता आणि वेळ तोंडपाठ ठेवा. बिनकागदांच्या माणसाला मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) नाही आणि काही राज्यांत डायलिसिस मिळतं ते फक्त जीव धोक्यात आल्यावर, इमर्जन्सीत. म्हणून वेळीच झालेल्या तपासणीचं मोल इथे अधिक आहे.

रिपोर्ट आल्यावर फोन लागत नाही, कारण अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. क्लिनिकचा नंबर सत्रातच प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.