हातगाड्याचं चाक सारखं पंक्चर होतंय? या चुका टाळा

सीलंटची, म्हणजे ट्यूबचं भोक आतून बुजवणाऱ्या चिकट रसाची, बाटली आणून थेट ट्यूबमध्ये ओतायची, ही सगळ्यात मोठी चूक. आधी टायर उघडा आणि काटा शोधा.

शेजारच्या मळ्यात खत वाहायचा एकचाकी गाडा आहे, ४.००-८ मापाचं चाक (चार इंच रुंद टायर, आठ इंची रिम). दर चार-पाच दिवसांनी त्याची हवा उतरायची. घाईत असलेल्या पोरांनी सीलंट ओतलं, पुन्हा उतरली, पुन्हा ओतलं. शेवटी मी टायर काढला, तर ट्यूब चिकट रसात बुडालेली आणि टायरच्या आतल्या अंगाला वेड्या बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक तसंच. बाहेरून त्याची खूणही दिसत नव्हती. गाडा भरला की टायर दबायचा, टोक हलायचं आणि धरलेलं सील फुटायचं. त्या ओलसर ट्यूबवर पॅचचं सोल्युशनही धरेना. ट्यूब फेकावी लागली.

माझी पद्धत अशी. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करतो. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघून, टायरवर दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर शोधतो, कारण काढताना ट्यूब उलटी झालेली असू शकते. मग सुती फडकं आतून फिरवतो. बोट फिरवू नका. फडक्याचा धागा काट्याला अडकतो, बोटाला मात्र काटाच लागतो.

सराट्याच्या बारीक काट्यांना सीलंट छान चालतं. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर ट्यूबसकट टायर बदला, तिथे सीलंट टिकत नाही. सीलंट भरताना व्हॉल्व्हची पिन काढायची, व्हॉल्व्ह तळाशी न ठेवता किंचित वर बाजूला ठेवायचा, भरून हवा मारली की चाक फिरवायचं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. जास्त घातल्याने चाक जास्त दिवस टिकत नाही.

लायनरबद्दल, म्हणजे काटा अडवायला टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या पट्टीबद्दल, लोक फार बेफिकीर असतात. सायकलची लांब पट्टी कापून कशीतरी आत कोंबतात. एवढ्या लहान चाकात कडक पट्टीचं टोक वळत नाही, ते ट्यूबला घासत राहतं आणि महिन्याभरात तिथेच भोक पडतं. मग लायनरलाच शिव्या! मी टोकं कात्रीने गोल करतो, पॉलिश पेपरने घासतो, जोडाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो आणि ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावतो. बाभळीचा लांब काटा तरीही लायनर भेदतो, हे गृहीत धरा.

हवा कमी ठेवू नका. ओझ्याखाली ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, पंप आणा आणि टायरच्या बाजूवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा वाचा. त्याच्या पुढे हवा मारायची नाही.

जुन्या सायकलच्या, रबरी नळीच्या व्हॉल्व्हमधून सीलंट घालूच नका, तो चिकटून बसतो.