परदेशी नटाचे आयुष्य दीड तासात कसे सांगावे: पीटर फाल्कच्या निमित्ताने

दादरमधील एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील लहानशा सभागृहात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही एखाद्या परदेशी कलावंतावर व्याख्यान ठेवतो. श्रोते चाळीसेक असतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकांतले कर्मचारी असतात, एकांकिका स्पर्धांच्या तालमी आटोपून येणारी महाविद्यालयीन मुले असतात आणि परळ-माटुंग्याहून नेमाने येणारी दोन-तीन जोडपीही असतात. असे व्याख्यान प्रथमच तयार करणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून हे टिपण लिहीत आहे. उदाहरणासाठी पीटर फाल्क हा अमेरिकन नट घेतला आहे, कारण रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी त्याने कसून काम केले आणि तरीही त्याचे नाव आपल्याकडे ‘कोलंबो’ या पोलीस-तपासाच्या मालिकेतील एका पावसाळी कोटापलीकडे फारसे पोहोचले नाही.

सुरुवात कालक्रमाच्या वहीपासून करावी. दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर वर्ष आणि घटना लिहावी. उजव्या पानावर त्या वर्षी त्या माणसाने काय ठरवले, कशाला होकार दिला आणि काय सोडले ते लिहावे. मी पहिले व्याख्यान केवळ डाव्या पानावरून दिले होते. जन्म, शिक्षण, चित्रपट, पारितोषिके, मृत्यू असे सारे ओळीने सांगितले, श्रोत्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एकही प्रश्न आला नाही. त्या संध्याकाळी मनाला लागलेली गोष्ट मी अजून विसरलो नाही. नटाचे आयुष्य उजव्या पानावर असते, हे तेव्हापासून मी मानत आलो आहे.

फाल्कच्या बाबतीत डावे पान असे सुरू होते: जन्म १६ सप्टेंबर १९२७, न्यूयॉर्क. वयाच्या तिसऱ्या वर्षी डोळ्यातील कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर तेथे काचेचा डोळा होता. त्यामुळे सैन्यात प्रवेश मिळाला नाही. तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. मग शिक्षण पुरे करून १९५३ मध्ये त्याने सिरॅक्यूज विद्यापीठाची सार्वजनिक प्रशासनातील पदव्युत्तर पदवी मिळवली आणि कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड येथे, कार्यक्षमता तपासणारा अधिकारी म्हणून तो रुजू झाला.

व्याख्यानाचा आरंभ जन्मतारखेने न करता या कार्यालयातून करावा, असे माझे ठाम मत आहे. मुंबईतल्या श्रोत्यांना हा माणूस लगेच ओळखू येतो. दिवसभर मंत्रालयात किंवा बँकेत फायली हातावेगळ्या करून संध्याकाळी तालमीला पळणारे नट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. राज्य नाट्यस्पर्धा आणि कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा अशाच माणसांनी उभ्या केल्या. फाल्कही हार्टफर्डमध्ये हौशी नाट्यसंस्थेत काम करीत असे आणि आठवड्यातून एकदा मोटार हाकत वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियन या थोर अभिनेत्रीच्या वर्गाला जात असे. तो वर्ग व्यावसायिक नटांसाठी होता आणि फाल्क नेहमी उशिरा पोहोचे. एकदा बाईंनी कारण विचारले, तेव्हा आपण नट नसून हार्टफर्डहून नोकरी सांभाळून येतो हे त्याला कबूल करावे लागले. त्यावर, नट नसशील तर व्हायला हवेस, अशा अर्थाचे काही त्या म्हणाल्या आणि त्याने राजीनामा दिला, असे तो सांगत असे. हा प्रसंग सांगताना घाई करू नये. चांगली सरकारी नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. मात्र ते मनात उतरायला क्षणभर वेळ द्यावा लागतो.

वरच्या परिच्छेदात ‘असे तो सांगत असे’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. नटांच्या चरित्रांत सांगोवांगीच्या गोष्टी फार असतात आणि त्या टाकून द्याव्यात असेही नाही, कारण माणूस स्वतःविषयी कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो यावरूनही तो कळतो. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने बाद दिल्यावर आपण काचेचा डोळा काढून त्याच्या हातावर ठेवला, ही फाल्कची आवडती आठवण होती. एका मोठ्या स्टुडिओच्या प्रमुखाने, तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो म्हणून आपल्याला नाकारले, हीसुद्धा त्याचीच. अशा गोष्टींपुढे वहीत वेगळी खूण करावी आणि बोलताना त्या कोणाच्या तोंडच्या आहेत ते सांगावे. जन्मतारीख आणि आठवण एकाच सुरात सांगितली, की ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळेनासा होतो.

रंगभूमीच्या भागासाठी आपल्याकडचा दाखला घ्यावा, पण एकच. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात ‘सर्कल इन द स्क्वेअर’ या छोट्या नाट्यगृहात अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’ या नाटकाचा प्रयोग झाला. जेसन रोबार्ड्‌स त्यात प्रमुख भूमिकेत होता आणि फाल्कने दारूच्या गुत्त्यावरील नोकराचे काम केले होते. ब्रॉडवेबाहेरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांपलीकडची, ही रंगभूमी समजावताना मी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहातील प्रायोगिक नाटकांची आठवण करून देतो: कमी जागा, कमी पैसा, आणि हाताच्या अंतरावर बसलेला प्रेक्षक. एवढे पुरे. तुलना लांबली की ऐकणारे छबिलदासच्या आठवणींत रमतात आणि नट मागे पडतो.

पुढच्या चित्रपटांच्या भागावर पाच मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. ‘मर्डर, इन्क.’ (१९६०) मधील खुनी गुंड आणि लगेच पुढच्या वर्षी दिग्दर्शक फ्रँक काप्राचा अखेरचा कथापट ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’, या दोन्हींसाठी फाल्कला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. १९६२ मध्ये ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’ या दूरचित्रवाणी नाट्यासाठी त्याला पहिले एमी, म्हणजे अमेरिकन दूरचित्रवाणीचे मानाचे पारितोषिक, मिळाले.

आता मुख्य भाग. येथे पहिली अडचण नावाचीच येते. ‘कोलंबो’ म्हटले की आपल्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर श्रीलंका उभी राहते, म्हणून हे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातील, इटालियन वंशाच्या एका लेफ्टनंटचे आडनाव आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. दुसरी अडचण अमेरिकेतील त्या काळच्या प्रक्षेपणपद्धतीची आहे. आठवड्याला सहा भाग दाखवणाऱ्या मराठी मालिकांची सवय असलेल्याला ‘१९७१ ते १९७८ मालिका चालली’ एवढेच सांगितले, तर त्याच्या मनात हजारो भाग येतात. प्रत्यक्षात एनबीसी वाहिनीने एकाच वेळी तीन मालिका आळीपाळीने दाखवण्याची योजना केली होती. त्यामुळे पहिल्या हंगामात ‘कोलंबो’चे अवघे ७ भाग झाले आणि प्रत्येक भाग छोट्या चित्रपटाएवढा होता. १९६८ चा पहिला चित्रपट ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ आणि १९८९ पासून २००३ पर्यंत एबीसी वाहिनीवर झालेले भाग धरून एकूण संख्या ६९ भरते. फाल्क या भूमिकेत प्रथम दिसला तेव्हा चाळीस वर्षांचा होता आणि अखेरचा भाग आला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा. हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत.

त्यानंतर कथेची रचना सांगावी, कारण नटाच्या कामाचे मर्म तिथे आहे. आपल्या रहस्यनाटकांत खुनी कोण हे तिसऱ्या अंकात कळते. ‘कोलंबो’मध्ये खून कोणी आणि कसा केला हे प्रेक्षक आरंभीच पाहतो, प्रश्न उरतो तो हा, की हा अजागळ दिसणारा माणूस त्याला पकडणार कसा. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने ही व्यक्तिरेखा घडवताना दोस्तोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधील पोर्फिरी पेत्रोविच या तपास अधिकाऱ्याचा आदर्श ठेवला होता. अशा रचनेत नटाला रहस्याचा आधार मिळत नाही. खुनी आणि पोलीस यांच्यातील दीर्घ संभाषणांवर सगळा भाग तोलायचा असतो, आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा श्रीमंत, सुशिक्षित आणि आत्मविश्वासाने भरलेला असतो. मी येथे श्रोत्यांना मलबार हिलवरील एका बंगल्याच्या दिवाणखान्याची कल्पना करायला सांगतो, जिथे चुरगळलेला कोट घातलेला एक माणूस गालिच्यावर कुठे उभे राहावे या संकोचात आहे आणि घराचा मालक त्याला नोकराहून थोडे बरे वागवतो आहे. फाल्कने हा संकोच हसण्यावारी नेला नाही. कोलंबोचा विनय खरा आहे आणि त्याची बुद्धीही खरी आहे; या दोहोंतील एकही मुखवटा नाही, असे त्याचे काम पाहून मला वाटते, आणि मालिका इतकी वर्षे टिकली ती त्यामुळेच.

तपशिलांपैकी तीनच निवडावेत. कोट फाल्कचा स्वतःचा होता. न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला असताना त्याने तो विकत घेतला होता आणि पोलिसाच्या ठरावीक कपड्यांऐवजी तोच घालायचे ठरवले. प्यूजो ४०३ ही खिळखिळी मोटारही स्टुडिओच्या आवारात त्यानेच निवडली. तिसरा तपशील आहे दारापर्यंत जाऊन मागे वळण्याचा आणि ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणण्याचा. तो लेखकांचा होता आणि त्याचा उगम अगदी साधा होता: त्यांनी आधी रंगभूमीसाठी लिहिलेल्या कोलंबोच्या मूळ नाटकाच्या हस्तलिखितात एक प्रवेश तोकडा पडला, सगळा पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी त्यांनी कोलंबोला बाहेर पाठवून परत आणले. फाल्कने त्या युक्तीतून माणसाची लकब घडवली. आपल्याकडे ‘करमचंद’मधील गाजर ज्यांना आठवते, त्यांना हे लगेच पटते. मराठीत ते वाक्य कसे म्हणावे याचा आधी सराव करावा. मी ‘बरं, जाता जाता एकच विचारतो’ असे म्हणतो; शब्दशः भाषांतर केले तर त्यातला आर्जव निघून जातो.

येथेच थांबण्याचा मोह होतो, पण उजव्या पानावरील सर्वांत मोलाची नोंद अजून बाकी असते. मालिका ऐन भरात असताना फाल्क जॉन कॅसाव्हेट्स या स्वतंत्र बाण्याच्या दिग्दर्शकाबरोबर काम करीत होता. ‘हजबंड्स’ (१९७०) नंतर ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) या चित्रपटात त्याने स्वतःचे पैसे घातले आणि मानसिक तोल ढळत चाललेल्या पत्नीवर प्रेम करणाऱ्या, पण तिला समजू न शकणाऱ्या मजुरांच्या मुकादमाची भूमिका केली. पत्नीची भूमिका करणारी जीना रोलँड्स आणि कॅसाव्हेट्स यांना त्यासाठी ऑस्कर नामांकने मिळाली. दूरचित्रवाणीने दिलेला पैसा आणि नाव यांचे त्याने काय केले, याचे उत्तर या चित्रपटात आहे. ज्या प्रवेशात तो मुलांना समुद्रकिनारी घेऊन जातो आणि त्यांना आनंदी ठेवण्याची केविलवाणी धडपड करतो, तो मी सविस्तर सांगतो. सभागृहात त्या वेळी अगदी शांतता असते.

मग जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा ‘विंग्स ऑफ डिझायर’ (१९८७). दुभंगलेल्या बर्लिनमध्ये आलेला पीटर फाल्क नावाचा नट, म्हणजे तो स्वतःच, पूर्वी देवदूत होता आणि माणूस होण्यासाठी त्याने अमरत्व सोडले, अशी त्यात कल्पना आहे. रस्त्यावरील तरुण त्याला पाहून कोलंबो म्हणून ओळखतात. टपरीपाशी उभा राहून तो न दिसणाऱ्या देवदूताला थंडीत हात चोळण्याचे आणि गरम कॉफीचे सुख सांगतो. हार्टफर्डच्या कार्यालयापासून सुरू केलेले व्याख्यान या टपरीपाशी आणून सोडले, तर वेगळा शेवट शोधावा लागत नाही.

अखेरच्या वर्षांतील स्मृतिभ्रंशाविषयी आणि २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे झालेल्या मृत्यूविषयी दोन वाक्ये बोलावीत. त्याच्या घरातले वाद व्याख्यानाबाहेर ठेवावेत. आजारात माणसाने काय गमावले याचे वर्णन करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मी समजतो.

सभागृहातील व्यवस्थेविषयी थोडेसे. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा वाहिनीची वर्गणी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क देत नाही, म्हणून परवानगी नसेल तर प्रसंग तोंडी सांगावेत. अमेरिकन उच्चार ज्येष्ठ श्रोत्यांना नीट लागत नाहीत, त्यामुळे मराठीत रंगवून सांगितलेला प्रवेश पुष्कळदा अधिक पोहोचतो. नावे आणि वर्षे असलेला एक कागद दारातच हाती द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये व्याख्यान अर्धा तास आधी सुरू करावे, कारण पावसात लोकल रखडल्या की डोंबिवली-विरारकडचे श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात.

प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखावीत. कोणता भाग आधी पाहावा असे हमखास विचारले जाते. मी ‘मर्डर बाय द बुक’ सुचवतो. तो १५ सप्टेंबर १९७१ रोजी दाखवला गेला आणि त्याचा दिग्दर्शक होता तेव्हा पंचविशीही न गाठलेला स्टीव्हन स्पीलबर्ग. दुसरा ठरलेला प्रश्न कोलंबोच्या पहिल्या नावाचा असतो. ते मालिकेत कधीच उच्चारले जात नाही. ओळखपत्रावर एका दृश्यात ‘फ्रँक’ असे दिसते, पण लेखकांनी नाव दिलेलेच नव्हते, असे सांगून पुढचा प्रश्न घ्यावा.