साइटमधे घुसलेली स्क्रिप्ट शोधायला छोटासा पायथन प्रोग्राम
रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांपासून जळगावच्या सराफांपर्यंत सगळ्यांच्या साइट झाल्यात आता, पण एकदा बनवली की परत कोण बघतंय, आणि मग एक दिवस केळीचे भाव बघायला जावं तर मोबाइलवर रमीची जाहिरात उघडते. अशा वेळी बहुतेक कुणीतरी साइटमधे परकी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमधे चालणारा कोड, घुसवलेली असते. ती शोधायला पेजचा सोर्स (मूळ कोड) डोळ्याने चाळत बसू नका. पायथनमधे एचटीएमएल पार्सर (html.parser, पेजचे टॅग सुटे करून वाचणारा) आधीपासून असतोच, वेगळं काही टाकायला लागत नाही, त्याला पेज द्यायचं आणि प्रत्येक स्क्रिप्ट टॅग छापायला लावायचं. टॅगमधे एसआरसी (src, स्क्रिप्ट कुठून येते तो पत्ता) असेल तर त्याचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, काढा, आपलं नसलेलं आणि ओळखीचं नसलेलं डोमेन दिसलं की तिथेच थांबून नीट बघा. एसआरसी नसेल तर कोड पेजमधेच आहे, त्यात इव्हॅल (eval, मजकूर कोड म्हणून चालवणारं) किंवा एटॉब (atob, बेस६४ मधला मजकूर उलगडणारं) शोधा, सोबत अगडबंब लांब अगम्य अक्षरं असली तर डाळ में काला.

पण नुसते स्क्रिप्ट टॅग पुरत नाहीत बरं का. इमेजच्या टॅगमधे ऑनएरर (onerror, फोटो उघडला नाही की चालणारा कोड) टाकून, फोटोचा पत्ता मुद्दाम चुकीचा देऊन पण कोड चालवता येतो, म्हणून ऑन (on) पासून सुरू होणारे सगळे अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमधल्या जोडनोंदी) पण छापा. स्क्रिप्ट टॅगच्या टाइपमधे एलडी-जेसन (ld+json) लिहिलेलं असेल तर ती सर्च इंजिनसाठीची माहिती असते, ती सोडून द्या. रेजेक्सने (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) शोधायच्या भानगडीत पडू नका, कॉमेंटमधली स्क्रिप्टपण पकडतं ते.

आणि हो, पेज आणताना यूजर एजंट (साइटला सांगायची ब्राउझरची ओळख) मोबाइलचा देऊन पण एकदा आणा, काही घाण फक्त मोबाइलवाल्यांनाच दाखवतात. पेज उघडल्यावर मागाहून घुसणाऱ्या स्क्रिप्ट मात्र यात दिसणार नाहीत, त्याला सेलेनियमसारखं, खरा ब्राउझर चालवणारं टूल लागेल.