हात सोडून सायकल चालवताना

हात सोडल्यावर सायकल एकीकडे ओढते, ती दर वेळी चालवणाऱ्याच्याच चुकीने नाही. म्हणून सरावाआधी सायकल तपासा. पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती करा. चाक आपसूक त्या बाजूला वळलं पाहिजे. हँडलखालचे छर्रे फार आवळलेले असले किंवा ग्रीस वाळलं असलं की ते अडखळतं. अशा सायकलवर महिनाभर घाम गाळूनही जमणार नाही. उलट, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलल्यावर हँडलखाली खटखट जाणवली, तर छर्रे ढिले आहेत आणि वेगात हँडल थरथरेल. दोन्ही दोष दुकानात मिनिटांत निघतात. पुढची बास्केट नुसती रिकामी करून भागत नाही, काढलेलीच बरी.

सायकल कलते तिकडे पुढचं चाक वळतं, म्हणून ती सावरते. श्रेय बहुधा चाकांच्या फिरण्याला देतात. पण तो परिणाम काढून टाकलेली सायकलही स्वतःला सावरते, हे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी करून दाखवलं. तुमचं काम एवढंच की तिला अडवायचं नाही.

जागा मोकळं मैदान किंवा वर्दळ नसलेला सपाट डांबरी रस्ता. हेल्मेट घाला. वेग ताशी १५ ते २० किलोमीटर ठेवा. घाबरून हळू गेलात तर तोल जाणारच. गिअर मध्यम हवा. फार हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरतात आणि कंबर उसळते.

आधी फक्त बोटांची टोकं हँडलवर ठेवून चालवा. मग पाठ हळूहळू सरळ करत वजन सीटवर घ्या आणि तळवे हँडलच्या वर चार बोटं अधांतरी धरा. हात झटक्यात उचलू नका, त्या झटक्यानेच हँडल वळतं. नजर दहा-पंधरा मीटर पुढे. पुढच्या चाकाकडे पाहिलंत की संपलं! पायडल मारणं थांबवू नका. हे जमलं की हात मांड्यांवर.

वळायचं ते कमरेने: उजवीकडे जायचं तर सायकल कमरेने थोडी उजवीकडे कलती करा. खांदे वाकवून काही होत नाही.

हँडल थरथरू लागलं तर दोन्ही गुडघे मधल्या दांड्याला टेकवा आणि दोन्ही हातांनी एकदम हँडल धरा. एकाच हाताने ओढलंत तर चाक आडवं होतं. ब्रेक त्यानंतर, आणि आधी मागचा.